त्या रात्री घरी कोण असणार आहे?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ५८ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. हायस्कूलमध्ये शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या. चार वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यांच्या आजारपणात ताईंचं वजन चौदा किलोंनी उतरलं ते परत भरलं नाही. गाल ओघळले, हनुवटीखालची कातडी सैल पडली. "आरशात बघितलं की आईचा शेवटच्या दिवसांतला चेहरा दिसतो," असं त्या लिहितात. फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी वर ओढून बसवण्याचं ऑपरेशन, करून घ्यायचं त्यांनी ठरवलं आहे. पैसे त्यांच्या स्वतःच्या ग्रॅच्युइटीचे आहेत. पुण्यातल्या एका प्लास्टिक सर्जननी चेहरा आणि मान दोन्ही करायला सांगितलं: पूर्ण भूल, साधारण चार तास, एक रात्र हॉस्पिटलात. घराजवळच्या एका सेंटरनं सांगितलं की तेवढंच काम लोकलवर, म्हणजे जागेवरची भूल देऊन, करू, थोडं गुंगीचं इंजेक्शन देऊ. सकाळी या, संध्याकाळी घरी जा. ताईंचा कल या दुसऱ्या पर्यायाकडे आहे. थोरल्या बहिणीचे यजमान बारा वर्षांपूर्वी आतडं फुटून ऑपरेशनला गेले ते शुद्धीवरच आले नाहीत. तेव्हापासून ताईंनी पूर्ण भुलेची धास्ती घेतली आहे. शिवाय घरी ८२ वर्षांच्या सासूबाई आणि पुण्यात मुलगा-सून, यांच्यातल्या कुणालाच काही कळू द्यायचं नाही. मैत्रिणीकडे जाते असं सांगून त्या जाणार आहेत. बीपीची गोळी चालू आहे, रक्त पातळ राहण्याची छोटी गोळीही त्या घेतात. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ आहे: "सकाळी मशेरी लावते. शाळेत कधी कुणाला कळू दिलं नाही. त्याचा इथे संबंध नसावा." त्यांचा प्रश्न असा: जागेवरची भूल घेतली तर मी सुरक्षित राहीन ना?

प्रिय ताई,

पत्र वाचून झाल्यावर मी आधी त्या शेवटच्या ओळीकडे परत गेले, मशेरीच्या. तिच्याबद्दल बोलायचंच आहे. पण तुम्ही विचारलंय भुलेबद्दल, आणि मिरजेत एकतीस वर्षं मी तेच काम केलं, म्हणून सुरुवात तिथून करते.

तुमच्या दाजींचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्हीच लिहिलंय की आतडं फुटून दोन दिवस झाले होते, पोटभर पू होता आणि रात्री दोनला त्यांना टेबलावर घेतलं. अशा अवस्थेत जीव घेतो तो बहुतेक वेळा रक्तात पसरलेला जंतुदोष. त्या रात्री भूल द्यायला जे कुणी उभे होते, ते हातातून निसटत चाललेल्या माणसाला धरून ठेवायची धडपड करत होते. मी अशा रात्री काढल्या आहेत. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना मात्र एवढंच दिसतं की भूल दिली आणि माणूस उठला नाही. ते दुःख मी खोडून काढत नाही. पण त्या रात्रीवरून तुमच्या सकाळचा अंदाज बांधू नका. प्रगत देशांतल्या नोंदी पाहिल्या तर धडधाकट माणसाच्या, आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत केवळ भुलेमुळे जीव जाण्याचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास येतं. ते इतकं खाली आलं त्यामागे काही साध्या यंत्रांचा मोठा वाटा आहे. मी काम सुरू केलं तेव्हा बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिप आमच्या थिएटरात नव्हती. एक हात नाडीवर आणि नजर पेशंटच्या ओठांच्या रंगाकडे, असे आम्ही तास न् तास बसायचो. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्यानं १९७४ साली त्या क्लिपमागचं तत्त्व मांडलं; आमच्यापर्यंत ती यायला बरीच वर्षं गेली. ती आली आणि नंतर श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आलं, तेव्हा मला पहिल्यांदा निर्धास्तपणे श्वास घेता आला.

आता तुमचा मुख्य समज. एकीकडे पूर्ण भूल म्हणजे धोका, दुसरीकडे लोकल म्हणजे दात काढताना देतात तसं एक इंजेक्शन, असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. प्रत्यक्षात जागेवरची भूल तुम्हाला दोन्हीकडे मिळणार आहे. पुण्याचे सर्जनही तुम्ही झोपल्यावर गालात, कानाभोवती आणि मानेत बधिर करणारं लिग्नोकेन आणि अॅड्रेनॅलिन यांचं मिश्रण टोचणार. अॅड्रेनॅलिननं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, सर्जनला थर स्वच्छ दिसतात. आणि जाग आल्यावर लगेच दुखत नाही. म्हणजे तुम्हाला निवडायचंय ते एवढंच, की त्या इंजेक्शनांच्या जोडीला गाढ झोप हवी, नुसती गुंगी हवी की पूर्ण जागं राहायचं. (पाठीतल्या इंजेक्शनचं आणखी काहीजणींनी विचारलंय. सीझरला दिलेली ती भूल पोटापासून खाली चालते, चेहऱ्यासाठी ती नाही.)

लोकलचं औषध निरुपद्रवी आहे हाही गैरसमज आहे. अॅड्रेनॅलिन घातलेलं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही शिकलो. तुमचं वजन ५२ किलो, म्हणजे ३६४ मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ३६ मिलिलिटरला तुमची हद्द संपली. दोन्ही गाल, कानांच्या पुढची-मागची बाजू आणि सगळी मान एवढ्यात भागत नाही, म्हणून जाणते सर्जन औषध निम्मं किंवा पाव टक्क्यापर्यंत पातळ करून घेतात आणि सगळीकडे एकदम न टोचता एक बाजू झाली की दुसरी करतात. हिशेब चुकला तर आधी जीभ आणि ओठ बधिर होतात, तोंडाला धातूची चव येते, कानात गुंजायला लागतं. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. यावर इंट्रालिपिड नावाचं स्निग्ध द्रव शिरेतून देतात. ते तिथे कपाटात आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर देताना समोरची व्यक्ती गोंधळली तर तुम्हाला बरंच काही कळेल.

"थोडं गुंगीचं इंजेक्शन" या तीन शब्दांवर मात्र मला जास्त बोलायचंय. गुंगीला पायऱ्या नसतात, उतार असतो. डोळे जड होणं, हाक मारली की उघडणं, हलवल्यावर उघडणं आणि मग हलवूनही न उघडणं, हे सगळं त्याच औषधाच्या थोड्याथोड्या जास्त मात्रेनं होतं. एकीला जेवढ्यात नुसती पेंग येते तेवढ्यातच दुसरीचा श्वास मंदावतो. तशा वेळी जीभ मागे पडते, घसा अर्धवट बंद होतो. पूर्ण भुलेत श्वासाची वाट आम्ही नळीनं किंवा मास्कनं आमच्या ताब्यात ठेवलेली असते. गुंगीत ती अशी ताब्यात नसते. आणि फेसलिफ्टमध्ये तोंड-नाक हिरव्या कापडांच्या गर्दीत असतं, सर्जनचे हात तिथेच चाललेले असतात; भूल देणाऱ्याला पटकन हात घालायलाही जागा नसते. आणखी एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. गुंगीत नाकाशी सोडलेला ऑक्सिजन कापडाखाली साठतो, आणि रक्त थांबवायला सर्जन वापरतात त्या कॉटरीची ठिणगी त्यात पडली तर भडका उडून चेहरा भाजू शकतो. क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. सावध टीम अशा वेळी ऑक्सिजन कमीत कमी ठेवते आणि कॉटरीच्या आधी बंद करते.

म्हणून सासूबाईंना विचारा, तुम्ही रात्री घोरता का? मधेच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकता का? असं असेल तर अर्धवट गुंगीपेक्षा नळी घातलेली पूर्ण झोप तुम्हाला जास्त सुरक्षित, आणि तुम्ही जे धरून चालला आहात त्याच्या हे बरोबर उलट आहे.

तरी लोकलला मी नावं ठेवणार नाही. सर्जन जर म्हणाले असते की फक्त गालाचा खालचा भाग थोडा वर घ्यायचाय, दीड-दोन तासांचं काम आहे, तर मीच तुम्हाला लोकल सुचवली असती. घशात नळी नाही, उठताना खोकला नाही, मळमळ कमी, लवकर चालता येतं. पण तुमचं काम चार तासांचं आहे, मानेसकट. मान एका बाजूला वळवून इतका वेळ उताणं पडून राहायचं. कातडी सुटी करतानाचा आवाज कानाशीच होतो, दुखलं नाही तरी ऐकू येतो. मधे लघवीला लागते. तुम्ही लिहिलंय की दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतसुद्धा तुम्ही हात घट्ट आवळून बसता. भीतीनं बीपी चढतं, बीपी चढलं की रक्त जास्त येतं, रक्त आलं की वेळ वाढतो, आणि मग "थोडं" गुंगीचं इंजेक्शन आणखी थोडं, आणखी थोडं होत जातं.

पूर्ण भुलेलाही तिचे त्रास आहेत, ते लपवून ठेवत नाही. घसा दोन दिवस खवखवतो. जास्त वेळ निपचित पडल्यानं पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. त्यासाठी पायाला हवा भरून दाबणारे मोजे लावतात आणि लवकर चालवतात. मळमळ-उलटी बायकांना जास्त होते. घाटात तुम्हाला गाडी लागते का? लागत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा, ही गप्पांतली गोष्ट नाही. चेहऱ्याच्या ऑपरेशननंतर उलटीचा एक उमाळासुद्धा बीपी वर नेतो आणि टाक्यांखाली रक्त साचायला तेवढं पुरतं. असं सांगणाऱ्या पेशंटला आम्ही वायूऐवजी शिरेतून चालणाऱ्या प्रोपोफोल या भुलेच्या औषधावर झोपवतो, उलटीची औषधं आधीच देतो आणि जागं करताना खोकला येऊ नये याची काळजी घेतो.

इथे एक जुनी हकीगत आठवते. टिपूच्या सैन्यानं नाक कापलेला कावसजी नावाचा एक गाडीवान होता. पुण्याजवळ वीट भाजणाऱ्यांच्या समाजातल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते चित्रासह छापून आलं. प्लास्टिक सर्जरीचे विद्यार्थी आजही ते शिकतात. मला मात्र दर वेळी त्या गाडीवानाचाच विचार येतो. ईथरची भूल जगापुढे आली १८४६ साली, त्याच्यानंतर अर्ध्या शतकानं. तो पूर्ण जागा होता. ज्या झोपेची तुम्हाला भीती वाटते ती त्याला मिळाली असती तर, असं मनात येतंच.

तर माझं मत मागितलंत म्हणून सांगते: चेहरा आणि मान, चार तास, बीपीचा त्रास आणि तुमचा घाबरा स्वभाव हे सगळं धरलं तर मी माझ्या सख्ख्या बहिणीला पूर्ण भूल घ्यायला सांगितलं असतं, हॉस्पिटलात रात्र काढून. पण अंतिम निर्णय तुम्हाला समोर बसवून तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांचा. आणि पुण्याच्या सर्जनना जरूर विचारा की फक्त छोटं लिफ्ट केलं तर माझ्या चेहऱ्याला कितपत फरक पडेल. कमी कामात तुमचं समाधान होणार असेल तर भुलेचं गणितही बदलतं.

आता ज्यासाठी मी एवढं मोठं उत्तर लिहायला बसले तिथे येते. तुमच्या पत्रात भुलेच्या भीतीला चार ओळी आहेत, आणि कुणाला कळू नये याला दीड पान. मला वाटतं, लोकलनं तुम्हाला ओढून घेतलं ते "संध्याकाळी घरी" या शब्दांनी. पुणं निवडलं तर मुलाला सांगावं लागेल, म्हणून पुणं नको. असं आहे का? असेल तर चुकीचं काही नाही, पण ते स्वतःशी कबूल करा, कारण नाहीतर तुम्ही भूल निवडाल लपवण्याच्या सोयीनं.

संध्याकाळी घरी आल्यावर काय होतं ते ऐका. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साचणं. बहुतेक वेळा ते पहिल्या चोवीस तासांत होतं. टेबलावर अॅड्रेनॅलिननं आकसलेल्या रक्तवाहिन्या काही तासांनी सैल पडतात, त्याच वेळी दुखायला लागतं, बीपी वर जातं. ही वेळ रात्रीची. एका बाजूची सूज दुसरीपेक्षा भराभर वाढते, कातडी ताणून चमकायला लागते, त्या बाजूला ठणका लागतो. तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नसतं. वेळेत रक्त काढलं नाही तर त्यावरची कातडी मरते, आणि मानेत साचलं तर श्वासावर दाब येऊ शकतो. बीपी असणाऱ्यांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. त्या रात्री दीड वाजता, तुम्ही मैत्रिणीच्या घरून परत आलात असं समजून झोपलेल्या ८२ वर्षांच्या सासूबाईंना तुम्ही काय सांगून उठवणार आहात?

लपवण्यानं होतं काय, याचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. एक बाई छोट्याशा ऑपरेशनला घरात न सांगता आल्या होत्या. मी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं का? "पाण्याचा थेंबसुद्धा नाही." भूल दिली आणि दोन मिनिटांत उलटी झाली, घशात आली, फुप्फुसात गेली. चहा होता, दुधाचा, आणि खारी. तीन दिवस त्या श्वासाच्या मशीनवर होत्या. वाचल्या. नंतर मला म्हणाल्या, "रोज सकाळी सगळे एकत्र चहाला बसतो, नको म्हणाले असते तर सासूनं विचारलं असतं." मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. त्यानंतर "काही घेतलं नाही" या उत्तरावर माझं कधी समाधान होत नसे ते त्यांच्यामुळे. तुम्ही लोकल घ्या, गुंगी घ्या की पूर्ण भूल, उपास सगळ्याला सारखाच लागतो, कारण कुठलीही गुंगी मधेच पूर्ण भुलेत बदलावी लागू शकते. जेवणाला, दुधाला आणि दुधाच्या चहाला कमीत कमी सहा तास, तळलेल्याला त्याहून जास्त, आणि साध्या पाण्याला दोन तास.

लपेल असं समजत असाल तर तेही होणार नाही. पहिल्या दिवशी डोक्याभोवती पट्टी असते, टाके साधारण आठवड्यानं निघतात, काळंनिळं उतरायला दोन आठवडे तरी जातात. कानाच्या पाळीला बधिरपणा तर कधी कधी महिनोन् महिने राहतो. विश्रामबागेत दोन आठवडे स्कार्फ बांधून भाजी आणायला गेलात तर उलट चौकशीच जास्त होईल.

गावभर सांगा असं मी म्हणत नाही. तुमचा चेहरा, तुमचे पैसे, तुमचं आयुष्य. चाळीसच्या पुढे बायका केस रंगवतात तेव्हा कुणी त्यांना कारण विचारत नाही. आजारपणात दुसऱ्याच्या उशाशी बसून दिवस काढल्यावर आपला चेहरा परत मिळावा असं वाटलं तर त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? पण एका जाणत्या, मोटार चालवू शकणाऱ्या, फोन उचलणाऱ्या माणसाला सगळं माहीत असलंच पाहिजे. घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगणार आहात ना, मग खरोखरच मैत्रिणीकडे जा. तिला सगळं सांगा, पहिल्या रात्री हॉस्पिटलात तिलाच सोबत ठेवा आणि पुढचे चार दिवस तिच्याकडे राहा. किंवा पुण्यात करणार असाल तर मुलाकडे. सर्जनच्या दवाखान्यापासून अर्ध्या तासावर राहणं पहिल्या आठवड्यात फार उपयोगी पडतं; सूज घेऊन पुणे-सांगलीचा सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास नको. त्या दिवसांत सासूबाईंचं जेवण, औषधं कोण बघणार हेही आधी ठरवा. मुलगा एकदम "कशाला हवंय हे या वयात" म्हणेल, अशी तुमची भीती आहे. म्हणेलही. त्याला परवानगी मागू नका. तारीख आणि हॉस्पिटलचं नाव सांगा आणि त्या रात्री तू जवळ असावास असं मला वाटतं, एवढं म्हणा. आईनं असं काही मागितल्यावर नाही म्हणणारी मुलं मी हॉस्पिटलच्या बाकड्यांवर फारशी पाहिली नाहीत.

आता मशेरी. संबंध आहे, आणि भुलेच्या निवडीपेक्षा मोठा आहे. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, तिच्यात निकोटिन असतंच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून सोडवतात, पुढचे काही दिवस ती काठाकडून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच जगते. त्याच आकसल्या तर कानाच्या पुढची किंवा मागची कातडी काळी पडून मरू शकते आणि तिथे कायमचा वण राहतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी कमीत कमी चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस बंद, पूर्ण बंद. निकोटिनचं च्युइंगगमही नको, तेही निकोटिनच. आणि भूलतज्ज्ञांपासून लपवायचा विचारही करू नका. आम्ही पहिल्या भेटीत तोंड उघडायला सांगतो, दात बघतो, आम्हाला कळतं. सांगली-साताऱ्याकडच्या किती शिक्षिका, नर्सबाई, किती सरपंचबाई मशेरी लावतात हे मला माहीत आहे; मी कुणाचाही तिरस्कार केला नाही. सोडताना पहिला आठवडा कठीण जातो, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. सकाळी कोमट पाणी घेऊन फिरायला बाहेर पडा, म्हणजे डबीच्या वेळेला हात रिकामा राहणार नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नका. कुणी, कशासाठी सुरू केली ते शोधा. अॅस्पिरिनचा परिणाम रक्तातल्या प्लेटलेटवर सात ते दहा दिवस राहतो, म्हणून हा निर्णय तारखेच्या निदान पंधरवडा आधी व्हायला हवा, आणि हृदयात स्टेंट असलेल्या वाचकांच्या बाबतीत तो हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा. बीपीची कोणती गोळी त्या सकाळी घ्यायची आणि कोणती टाळायची हेही भूलतज्ज्ञ सांगतील, सगळ्या सारख्या नसतात. भाजीतल्या हळदीला, लसणीला हरकत नाही, पण हळदीच्या, लसणीच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या औषधांच्याच यादीत धरा. मधुमेह असलेल्यांनी आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, आणि वजन-साखरेसाठीची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला वेळ लावतात, उपास करूनही.

दोन्ही ठिकाणी परत जाऊन हेच प्रश्न विचारा. भूल देणारे डॉक्टर वेगळे असणार का, त्यांचं शिक्षण काय (एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. अॅनेस्थेशिया), आणि ऑपरेशनचा पूर्ण वेळ ते माझ्याजवळच असणार का? ऑपरेशन करणारे डॉक्टर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जन आहेत का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात कुणाचा अपमान नाही. भूलतज्ज्ञ मला काही दिवस आधी तपासणार की थेट टेबलावरच भेटणार? श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आहे का? काही बिघडलं तर आयसीयू याच इमारतीत आहे की रिक्षानं जायचं? रात्री दोनला फोन केला तर कोण उचलणार, आणि मला परत थिएटरात घेता येईल का? सेंटरनं सांगितलेली रक्कम कमी दिसते म्हणता. तीत भूलतज्ज्ञांची फी आहे का ते पाहा. नसेल तर गुंगीचं इंजेक्शन तिथे कोण देतंय, याचं उत्तर तुम्हाला मिळालं, आणि तिथून मी उठून आले असते. अंदाजपत्रक लेखी घ्या. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम चालत नाही आणि वर जीएसटी लागतो.

पुण्याला जाणं जड वाटत असेल तर एक लक्षात घ्या. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून लांबलांबची माणसं उपचारासाठी इकडे येत आली आहेत. वरच्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं देणारं, आयसीयू असलेलं हॉस्पिटल सांगली-मिरजेत मिळालं आणि तिथे अनुभवी प्लास्टिक सर्जन असतील, तर ते पुण्याइतकंच चांगलं. मला अंतराची फिकीर नाही, सेंटरमधल्या त्या संध्याकाळी पाचच्या डिस्चार्जची आहे.

आत्ता कुठलीच तारीख घेऊ नका. मशेरीचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहा आणि तिथून चार आठवडे मोजा. तोवर रोज सकाळी बीपी मोजून वहीत उतरवा, शाळेत हजेरी मांडत होता तसं. भूलतज्ज्ञांकडे जाल तेव्हा ती वही, मैत्रीण आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घेऊन जा, संपलेल्या असल्या तरी.